पावलांची निगा : दोन ग्राहकांमधली दहा मिनिटे

मराठी घरात पावलांना मान आहे. भाद्रपदात गौरी घरात येतात त्या पावलांनी. उंबरठ्यापासून देवघरापर्यंत त्यांची पावले उमटवली जातात. नवी सून माप ओलांडून आत येते तेव्हा वडीलधाऱ्यांची नजर तिच्या पावलांवर असते. बाहेरून आलेल्याने आधी पाय धुवावेत आणि मगच घरात वावरावे, हा दंडक कुठे लिहिलेला नसला तरी आपल्या आज्यांनी तो कसोशीने पाळला. न्हाणीघराच्या कोपऱ्यात वज्री असे, टाचांच्या भेगांसाठी कोकमाचे तेल असे आणि पुरुषमंडळींची नखे काढायला न्हावी आपली नराणी घेऊन येई. तेव्हा पावलांची निगा आपल्याला नवी नाही. नवीन आहे ते तिचे ठिकाण.

सुरतेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी बरीचशी खानदेशातून, जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत ज्यांच्या आजोबांनी यंत्रमागावर उभे राहून दिवस काढले, त्यांच्या नाती आज घोडदोड रोडवर, अडाजणला नाहीतर वेसूला पेडिक्युअर करून घ्यायला जातात. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. दिवसभर उभ्याने राबणाऱ्या पायांना कुणी अर्धा तास ऊन पाण्यात भिजवून हलक्या हाताने चोळून दिले, तर ते सुख कुणालाही हवेसे वाटेल.

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्याचे कारण साधे आहे. अलीकडे लग्नसराईत आईबरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगीही पार्लरच्या खुर्चीत बसते. त्यानंतर आठवड्याभराने लाल, सुजलेला, ठणकणारा अंगठा घेऊन ती बालरोगतज्ज्ञाकडेच येते. बोलता बोलता आई आपलाही पाय पुढे करते, आणि सोबत आलेली मधुमेही आजी आपण मागच्याच महिन्यात टाचा घासून घेतल्याचे सांगते. एका बालरुग्णाच्या निमित्ताने तीन पिढ्यांचे पाय समोर येतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

कातडीचे कुंपण

आपली त्वचा हे शरीराचे कुंपण आहे. ते अखंड असेल तर बाहेरचे बहुतेक जंतू बाहेरच राहतात. दक्षिण गुजरातच्या डॉक्टरांना हे वेगळे सांगायला नको. दर पावसाळ्यात सुरत, नवसारी, वलसाड भागात भाताच्या आणि उसाच्या शेतात अनवाणी काम करणाऱ्या मजुरांना लेप्टोस्पायरोसिस होतो, तो प्रामुख्याने पायांवरच्या बारीक जखमांतून आणि भेगांतून. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराचे पाणी शहरात शिरले, तेव्हा त्या पाण्यातून चालत गेलेल्या प्रत्येकाच्या पायांची आपल्याला काळजी वाटत होती ती याचसाठी. पार्लरमध्ये लेप्टोस्पायरोसिसचे भय नाही. परंतु पाणी आणि फाटलेली कातडी एकत्र आली की काय होते, हा धडा दोन्हीकडे एकच आहे.

आता पेडिक्युअरच्या पायऱ्या पाहू. प्रथम पाय ऊन पाण्यात भिजवतात. त्याने कातडी मऊ होते आणि सहज फाटते. मग नखे कापून घासतात. नखाच्या मुळाशी असलेली कातडीची पातळ कड, जिला क्युटिकल म्हणतात, ती मागे लोटतात आणि पुष्कळदा कापूनही टाकतात. टाचेवरचे घट्टे ब्लेडने तासतात. शेवटी खरखरीत मलम लावून सगळा पाय चोळतात. यातली जवळजवळ प्रत्येक क्रिया कुंपणाला कुठे ना कुठे भोक पाडणारी आहे. विशेषतः क्युटिकल ही निरुपयोगी कातडी नव्हे. नख आणि त्वचा यांच्यामधली फट ती बुजवते. ती कापली की जंतूंना आयती वाट मिळते आणि नखुरडे होते.

पायावाटे येणारे पाहुणे अनेक आहेत. स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूंमुळे नखुरडे, गळू किंवा सेल्युलायटिस होतो. बुरशीमुळे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ती नखात शिरली तर नख जाड, पिवळे, ठिसूळ होते आणि महिनोन् महिने औषध घ्यावे लागते. चामखिळीचे विषाणू ओल्या पृष्ठभागावरून एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात जातात. रक्ताचा अंश लागलेल्या हत्याराने हिपॅटायटिस बी आणि सी पसरण्याची शक्यता कमी असली तरी शून्य नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. रक्ताचा थेंब डोळ्यांना दिसलाच पाहिजे असेही नाही.

वॉटसनव्हिलची गोष्ट

सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेत, उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका डॉक्टरांकडे चार रुग्ण आले. चौघांच्याही पायांवर गळवे होती, ती बरी होत नव्हती आणि पुवाच्या नेहमीच्या तपासणीत जंतू सापडत नव्हते. चौघांमध्ये समान दुवा एकच होता : सगळ्यांनी वॉटसनव्हिल गावातल्या एकाच नखांच्या पार्लरमध्ये पेडिक्युअर करून घेतले होते. आरोग्यखात्याने शोध घेतला तेव्हा तिथल्या ११० ग्राहकांना अशी गळवे झाल्याचे आढळले. कुणाला एक, कुणाला दोन, एकाला तर ३७. कारण निघाले मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, क्षयाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद, जो नळाच्या पाण्यातही असू शकतो. हा अहवाल २००२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला.

त्या पार्लरमध्ये पाणी घुसळणारे १० टब होते आणि दहाही टबांत हा जंतू मिळाला. टबातले पाणी आत ओढून पुन्हा बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेला एक जाळी असते. त्या जाळ्यांच्या मागे केस आणि मृत त्वचा यांचा थर साचला होता. टब वरून स्वच्छ दिसत होते; घाण होती ती जिथे नजर पोहोचत नाही तिथे. ऊन पाणी आणि खायला त्वचेचे कण, जंतूंना आणखी काय हवे?

या शोधातली दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. आजारी पडलेल्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी पेडिक्युअरपूर्वी रेझरने पायांवरचे केस काढले होते. त्याच पार्लरमध्ये जाऊनही ज्या बऱ्या राहिल्या त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्के होते. रेझरच्या सूक्ष्म जखमा डोळ्यांना दिसत नाहीत, जंतूंना मात्र सापडतात. पेडिक्युअरला जाण्यापूर्वी ‘पाय नीटनेटके दिसावेत’ म्हणून आपल्याकडेही हेच केले जाते.

चकाकी आणि स्वच्छता

या दोन शब्दांतला फरक सुरतकरांइतका कुणी अनुभवला नसेल. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने हे शहर रिकामे झाले होते. पुढच्या वर्षी महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत येथील साफसफाईची घडी बसली आणि १९९६ मध्ये इन्टॅक या संस्थेने सुरतेला देशातले दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरवले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिली आली. हे रंगरंगोटीने झाले नाही. रोज, ठरल्या वेळी, कुणी पाहत असो वा नसो, तेच काम पुन्हा करण्याने झाले.

पार्लरची कसोटीही हीच आहे. काचेची दारे, सुगंधी मेणबत्त्या, मंद संगीत यांनी टब निर्जंतुक होत नाही. खरी स्वच्छता घडते ती एक ग्राहक उठल्यापासून दुसरी बसेपर्यंतच्या वेळात. टबातले पाणी सोडून द्यायचे, साबण लावून टब घासायचा, धुवायचा आणि मग जंतुनाशकाचे द्रावण घालून ते साधारण १० मिनिटे तसेच राहू द्यायचे. त्यानंतरच पुढच्या ग्राहकासाठी पाणी भरायचे. पाणी घुसळणारा टब असेल तर हे द्रावण यंत्र चालू ठेवून आतल्या नळ्यांतूनही फिरले पाहिजे आणि रोज रात्री जाळी काढून घासली पाहिजे. घाईच्या दिवसांत, बाहेर चार नवऱ्यामुलीकडच्या पाहुण्या ताटकळत असताना, पहिला बळी जातो तो याच दहा मिनिटांचा. यावरून एक गमतीची गोष्ट निघते : महागड्या, पाणी घुसळणाऱ्या टबापेक्षा साधे गुळगुळीत घमेले अधिक सुरक्षित, कारण त्यात लपायला जागाच नसते.

हत्यारांचेही तसेच. कात्री, चिमटा, नेलकटर अशी धातूची हत्यारे आधी साबणाने ब्रशने घासून मग निर्जंतुक करावी लागतात. आपल्या दवाखान्यात ऑटोक्लेव्ह १२१ अंश सेल्सियसला किमान १५ मिनिटे चालतो. पार्लरमधल्या निळ्या दिव्याच्या पेटीला पुष्कळजण ‘स्टरिलायझर’ म्हणतात. प्रत्यक्षात त्या प्रकाशाने जिथे किरण पोहोचतात तेवढ्याच पृष्ठभागावर थोडाफार परिणाम होतो, बिजागरीत अडकलेल्या मळाला तो काही करत नाही. ती पेटी हत्यारे ठेवायला ठीक, निर्जंतुक करायला नव्हे. ऊन पाण्यात बुडवून काढणे हाही निव्वळ उपचार. लाकडी काडी, नखे घासायची कागदी फाइल, प्युमिस दगड यांना तर निर्जंतुक करता येतच नाही. त्या एकाच व्यक्तीसाठी वापरून टाकून द्याव्यात.

एकाच हत्याराने अनेकांना हाताळण्याची किंमत गुजरातने मोजली आहे. २००९ च्या सुरुवातीला मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. सिरिंज आणि सुया पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे ती पसरल्याचे तपासात दिसले. सुई आणि क्युटिकल कापायची कात्री यांच्या धोक्यात अंतर खूप आहे. पण ‘एवढ्याने काय होते’ ही वृत्ती दोन्हीकडे सारखीच.

मुले आणि किशोरवयीन

लहान मुलांना पेडिक्युअरची गरज नसते, हे स्पष्टच सांगतो. त्यांची त्वचा नाजूक असते आणि कुठे दुखले-कापले ते त्यांना वेळेवर सांगताही येत नाही. अंघोळीनंतर मऊ झालेली नखे घरच्या नेलकटरने कापणे एवढे पुरे. घरातही लहान मुलाचा नेलकटर वेगळा ठेवावा.

किशोरवयात पायांना घाम जास्त येतो, पायांची वाढ झपाट्याने होते आणि शाळेचे बूट घट्ट होतात. याच वयात अंगठ्याचे नख कडेने मांसात रुतण्याचे प्रमाण अधिक असते. त्यातच पार्लरमध्ये नखाचे कोपरे खोलवर गोलाकार कापले की नख वाढताना मांसात घुसते. नख नेहमी सरळ रेषेत कापावे, फार आखूड करू नये, कोपरे फक्त हलके घासावेत. मुलगी हौसेने बरोबर गेलीच तर तिच्या वाट्याला नखे घासणे आणि नेलपॉलिश एवढेच असावे. क्युटिकलची कात्री आणि टाचेचे ब्लेड तिच्या पायाला लागू देऊ नये.

मुलांना विशेष भुरळ घालणारा प्रकार म्हणजे मासे असलेल्या टाकीत पाय सोडून बसणे. गारा रुफा जातीचे मासे मृत त्वचा खातात म्हणून मॉलमध्ये आणि पर्यटनस्थळी हा खेळ लोकप्रिय झाला. गुदगुल्या होतात, मुले खिदळतात. पण मासे जगवायचे तर पाण्यात जंतुनाशक घालता येत नाही, आणि तेच मासे कालच्या ग्राहकाच्या पायाला लागलेले असतात. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये इंडोनेशियाहून आलेले असे मासे तपासले तेव्हा त्यांच्यात माणसाला बाधू शकणारे अनेक जिवाणू आढळले. अमेरिकेच्या अनेक राज्यांनी हा प्रकार बंद केला आहे. हा मोह मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही आवरावा.

कोणी जाऊ नये

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात कुणी ना कुणी आहेच. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होते. पाणी किती कढत आहे ते कळत नाही, ब्लेड लागले ते कळत नाही, आणि झालेली जखम लवकर भरत नाही. आजीच्या टाचा सुंदर व्हाव्यात ही नातीची माया समजण्यासारखी आहे. परंतु अशा पायांना पार्लरचे ब्लेड म्हणजे आगीशी खेळ. त्यांची नखे आणि घट्टे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हाताळावेत. पायांचा रक्तपुरवठा मंदावलेले, कर्करोगाचे उपचार घेत असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे रुग्ण यांनाही हेच लागू. आणि ज्यांच्या पायावर जखम, इसब, चिखल्या किंवा डास चावून खाजवल्याचे ओरखडे आहेत, त्यांनी ते बरे होईपर्यंत थांबावे. यात आपल्याबरोबर दुसऱ्यांचेही हित आहे.

पार्लरमध्ये बसण्यापूर्वी

१. आधीचा किमान एक दिवस पायांवर रेझर किंवा वॅक्स करू नये.

२. शक्यतो गर्दीचा वार टाळावा. सकाळची पहिली वेळ घ्यावी.

३. टब आपल्यादेखत घासून, जंतुनाशक घालून, दहा मिनिटे ठेवला जातो का ते पाहावे. टबात एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे अस्तर घालत असतील तर उत्तम.

४. नेलकटर, फाइल, प्युमिस दगड स्वतःचे न्यावेत. वापरानंतर साबणाने घासून, स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडे करून ठेवावेत. मायलेकींनीही आपापला संच वेगळा ठेवावा.

५. ‘क्युटिकल कापू नका, टाचेला ब्लेड लावू नका’ हे सुरुवातीलाच सौम्यपणे पण ठामपणे सांगावे.

६. टॉवेल धुतलेला आणि कोरडा असावा. बोटांच्या बेचक्या आणि जोडव्यांखालची जागा नीट कोरडी करून घ्यावी.

७. रक्त आलेच तर काम तिथेच थांबवावे, जागा साबण-पाण्याने धुवावी, ते हत्यार बाजूला ठेवायला सांगावे. धनुर्वाताच्या लशीची तारीख आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारावे.

घरी आल्यावर पुढचे काही दिवस पायांकडे लक्ष असावे. लाली, सूज, ठणका, पू, वर चढत जाणारी लाल रेघ किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर हळद-तेलावर भिस्त न ठेवता डॉक्टरांकडे जावे. मायकोबॅक्टेरियमची गळवे मात्र कित्येक आठवड्यांनी उगवतात. म्हणून डॉक्टर मित्रांनाही विनंती : गुडघ्याखाली हट्टी गळवे दिसली आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी हटली नाहीत, तर ‘मागच्या दोन-तीन महिन्यांत पेडिक्युअर केले होते का?’ हा एक प्रश्न जरूर विचारावा आणि प्रयोगशाळेला मायकोबॅक्टेरियासाठी वेगळे कल्चर करायला सांगावे.

खुर्चीसमोर बसलेली मुलगी

इथवर आपण खुर्चीत बसलेल्या बाईचा विचार केला. तिच्यासमोर खाली स्टुलावर बसून दिवसभर अनोळखी पाय हातात घेणारी मुलगीही आपल्यातलीच असते, पुष्कळदा लिंबायत-डिंडोलीची, नुकतीच विशी गाठलेली. दिवसभर पाण्यात राहून तिच्या बोटांच्या कडा फुटलेल्या असतात. ग्राहकाच्या पायातला जंतू आधी तिच्या हाताला लागतो. ग्राहक महिन्यातून एकदा येते. ती रोज आठ-दहा वेळा त्याच पाण्यात हात घालते.

हिपॅटायटिस बीची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात २००२ नंतर टप्प्याटप्प्याने आली आणि २०११-१२ मध्ये देशभर पोहोचली. आज आपण जन्मतःच बाळाला पहिली मात्रा देतो. पण त्या बाळाची आई आणि पार्लरमधली ती मुलगी यांना बहुधा ही लस मिळालेली नाही. प्रौढांसाठी तीन मात्रा पुरतात : आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. हातमोजे, एप्रन आणि ही लस, एवढे तिच्यापर्यंत पोहोचवणे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.

आपली संस्था दरवर्षी रक्तदान आणि आरोग्यतपासणीची शिबिरे घेते. येत्या वर्षी त्यात आणखी एका शिबिराची भर घालावी, असे मी सुचवतो : पार्लरमध्ये आणि केशकर्तनालयात काम करणाऱ्यांसाठी हिपॅटायटिस बीचे लसीकरण आणि सोबत टब व हत्यारे निर्जंतुक करण्याचे तासाभराचे प्रात्यक्षिक, मराठी, गुजराती आणि हिंदीतून. तिन्ही मात्रा पूर्ण व्हाव्यात म्हणून नावांची यादी आपल्यापैकी कुणीतरी सांभाळावी लागेल. ती जबाबदारी घ्यायला मी तयार आहे.

आणि वाचक भगिनींना एवढेच सांगणे : पुढच्या वेळी पार्लरमध्ये आपला नंबर लागायला दहा मिनिटे उशीर झाला आणि ती मुलगी टब घासत बसलेली दिसली, तर घड्याळाकडे पाहू नका. तिला निवांत घासू द्या.